मीठ म्हणतं, मीच आर्सेनिक!

गेल्या अंकात आयसीपी यंत्राची ओळख करून दिली होती. आर्गॉन वायूचा सहा ते दहा हजार केल्व्हिनपर्यंत तापलेला झोत, म्हणजे प्लाझ्मा. त्यात नमुन्याचा बारीक फवारा सोडायचा आणि बाहेर पडणारा प्रकाश बघून (आयसीपी-ओईएस) किंवा आयनांचं वस्तुमान बघून (आयसीपी-एमएस) कुठला धातू किती आहे ते सांगायचं. त्यावर बरीच पत्रं आली. मी या यंत्रांपुढे एकतीस वर्षं बसले, चष्म्याचा नंबर आणि आर्गॉनचा भाव बरोबरीने वाढताना पाहिला, त्यामुळे पत्रांतली तक्रार ओळखीची वाटली: यंत्र एवढं महागाचं, तर मग आकडे आपसांत भांडतात का? पाच पत्रं निवडली आहेत.

आमची विहीर खाडीपासून दीडशे पावलांवर आहे, उन्हाळ्यात पाणी मचूळ लागतं. मुलाने दोन लॅबमधून तपासून घेतलं. एकीने आर्सेनिक 13 पीपीबी (लिटरला 13 मायक्रोग्रॅम) दिलं, दुसरीने ‘2 पेक्षा कमी’. दोन्ही अहवालांवर आयसीपी-एमएस लिहिलंय. क्लोराइड मात्र दोघांचं सारखं, लिटरला 2100 मिलिग्रॅमच्या आसपास. ताई, खरं कोणाचं धरायचं? — एक वाचक, गुहागर तालुका

आधी एक सांगते. पिण्याच्या पाण्यात क्लोराइड 250 पर्यंत असावं आणि दुसरी सोयच नसेल तर 1000 पर्यंत चालवून घ्यावं, असं आपलं मानक म्हणतं. त्यामुळे आर्सेनिकचा निकाल काहीही लागो, उन्हाळ्यात हे पाणी पिऊ नका.

आता भांडणाकडे येऊ. तुमच्या पत्रातला महत्त्वाचा आकडा 13 नाही, 2100 आहे. आयसीपी-एमएस आयनाचं नाव वाचत नाही, त्याचं वजन करते. आर्सेनिकचं वस्तुमान 75. प्लाझ्मा आर्गॉनचाच, म्हणजे वस्तुमान 40. तुमच्या पाण्यात खाडीतलं मीठ, आणि त्यातला बराचसा क्लोरिन 35 चा. प्लाझ्माच्या शेपटाकडे, थोडं थंड होताना, हे दोघे हातात हात घालतात: 40 आणि 35, झाले 75. यंत्राच्या लेखी ते आर्सेनिकच. शिसं असतं तर 206, 207, 208 अशा तीन वस्तुमानांवर पडताळून बघता आलं असतं. आर्सेनिकला निसर्गात 75 सोडून दुसरं घरच नाही. त्यामुळे तोतया त्याच्याच दारात उभा राहतो.

पहिल्यांदा हे मी डोळ्यांनी पाहिलं ते एका रात्रपाळीत. हेलियमची सोय नसलेलं जुनं यंत्र. स्वच्छ केलेलं पाणी, त्यात शुद्ध हायड्रोक्लोरिक आम्ल, आणखी काही नाही. आम्लाची बाटली नवी, सील मी स्वतः फोडलेलं. पडद्यावर 75 ची रेघ चढत गेली. पहिला विचार काय आला असेल? बाटली खराब. दुसरी फोडली, तीही ‘खराब’ निघाली! तिसरी फोडायच्या आधी सीनियर सरांनी माझा हात धरला आणि तेच आम्ल नायट्रिकच्या जागी का घातलंस, एवढंच विचारलं.

तुमच्या बाबतीत नेमकं तेच झालं असेल असं छातीठोक म्हणत नाही, पण संशय तिथेच आहे. काही लॅबा पारा टिकावा म्हणून नमुन्यात अर्धा टक्का हायड्रोक्लोरिक आम्ल घालतात. अर्धा टक्का म्हणजे लिटरला साधारण 2100 मिलिग्रॅम क्लोराइडची भर. तुमच्या विहिरीतलं मीठ एका चमच्यात दुप्पट!

‘पण त्यांच्या अहवालात स्पाइक रिकव्हरी 98 टक्के आहे,’ असं तुमच्या मुलाने पत्राच्या कडेला पेनाने लिहिलंय. हा मुद्दा मला फार आवडला, कारण इथेच भलेभले फसतात. नमुन्यात ठरावीक आर्सेनिक मुद्दाम घालायचं आणि ते पुरतं परत मिळतं का बघायचं, ही स्पाइकची चाचणी. आता हिशेब करा. खोटे 13 दिसताहेत, त्यात खरे 10 घातले, दिसले जवळपास 23. फरक 10, रिकव्हरी शंभराच्या घरात, सगळे खूश. ते 13 खरे की खोटे, याबद्दल चाचणी एक शब्द बोलली नाही.

उसाच्या काटामारीचं उदाहरण घ्या. एक लबाडी अशी की काटाच दहा टक्के कमी दाखवतो; गाडी कितीही भरा, दहा टक्के गेले. ही गुणाकाराची चूक. ओळखीच्या वजनाचं पोतं गाडीत टाकलं की पकडली जाते, म्हणजेच स्पाइक. दुसरी लबाडी अशी की प्लॅटफॉर्मला खालून कोणीतरी दगड बांधलाय. ही बेरजेची चूक. इथे पोतं टाका, पोत्याचं वजन बरोबरच येणार. दगड तिथेच!

पाणी पातळ करूनही हा दगड दिसत नाही, कारण तुम्ही पाच पट पाणी घातलंत की आर्सेनिकही पाचपट कमी आणि क्लोराइडही. पुन्हा पाचने गुणलं की तेच 13 हजर.

मग दिसतो कशाने? एक जुना मार्ग गणिताचा. क्लोरिन 35 बरोबर त्याचा भाऊ 37 असतो, साधारण तीनास एक या प्रमाणात. म्हणजे 75 वर तोतया असेल तर 77 वर त्याची तिसऱ्या हिश्शाची सावली पडणारच. ती मोजायची, 3.127 ने गुणायची, 75 मधून वजा करायची. अडचण अशी की 77 वर सेलेनियमही राहतो, म्हणून 82 वरून सेलेनियमचा अंदाज घ्यायचा. आणि खाडीच्या पाण्यात ब्रोमाइडही आलं. ब्रोमिन 81 ला एक हायड्रोजन चिकटला की झाले 82. मग सेलेनियम आहे त्याहून जास्त भासतो, वजाबाकी अपुरी पडते आणि आर्सेनिक फुगलेलंच राहतं. उधारी फेडायला दुसरी उधारी. गोड्या पाण्यात हे समीकरण मी बिनदिक्कत वापरलं, खाऱ्यात कधीच नाही.

नवा मार्ग हेलियमचा. आयन मोजणीपर्यंत पोचायच्या आधी त्यांना हेलियम भरलेल्या एका खोलीतून जायला लावतात. संध्याकाळी सहाला दादरच्या पुलावरून जाऊन बघा. सडपातळ माणूस निसटतो, दोन्ही काखांत पिशव्या मारलेला प्रत्येकाला धडकत जातो आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत त्याचा दम संपतो. आर्गॉन-क्लोरिनची जोडी आकाराने मोठी, जास्त धडका खाते, तिची ऊर्जा संपते. खोलीतून बाहेर पडायच्या दाराशी ठेवलेला विजेचा उंबरठा तिला ओलांडता येत नाही. एकटा आर्सेनिक ओलांडतो. तोही थोडा गळतो, संवेदनक्षमता कमी होते, पण पिण्याच्या पाण्यातल्या आर्सेनिकची 10 पीपीबीची मर्यादा तपासायला पुरून उरते.

हेलियम रामबाण मात्र नाही. केरळच्या मोनाझाइट वाळूत निओडिमियम आणि समॅरियम भरपूर असतात. त्यांचे 150 वस्तुमानाचे आयन दोन भार घेऊन आले की यंत्राला ते 150 भागिले 2, म्हणजे 75 दिसतात. ही जोडी नव्हे, एकटाच अणू, त्यामुळे धडकांचा डाव चालत नाही. तिथे ऑक्सिजन सोडतात. आर्सेनिक तो उचलून 91 वर जातो, हे जात नाहीत. त्याच वाळूत झिर्कोनियमही असतो आणि त्याचा एक समस्थानिक नेमका 91 चा! म्हणून त्या कामाला दोन गाळण्या लागतात: पहिली फक्त 75 ला आत सोडते, दुसरी फक्त 91 ला बाहेर. खाडीकाठच्या विहिरीला एवढा थाट नको.

तुम्ही दोन्ही लॅबांना फोन करून विचारा: आर्सेनिक हेलियममध्ये मोजलं का, आणि नमुन्यात कुठलं आम्ल घातलं? चांगली लॅब याचं उत्तर एका मिनिटात देते. तरी शंका उरलीच तर हायड्राइड पद्धतीने एकदा करून घ्या. तिच्यात आर्सेनिकचा वायू करून वेगळा काढतात, मीठ भांड्यातच राहतं. ते जुनं, स्वस्त यंत्र या भांडणात उत्तम पंच आहे.

रक्तातला प्लाझ्मा आणि हा प्लाझ्मा एकच का? माझ्या नातवाने विचारलं, मला सांगता येईना. — एक आजोबा, सातारा

नाव एक, बाकी काही नातं नाही. रक्तातला प्लाझ्मा म्हणजे पेशी काढल्यावर उरणारा पिवळसर द्रव. हा प्लाझ्मा म्हणजे इतका तापलेला वायू की त्यातल्या काही अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे झालेत. वीज चमकते त्या वाटेवर क्षणभर असतो तोच. नातवाला सांगा, रक्तातला प्लाझ्मा या प्लाझ्मात घालून त्यातला जस्त मोजता येतो. त्याला गंमत वाटेल.

मॅडम, मी एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या लॅबमध्ये आयसीपी-ओईएसवर आहे, नोकरीला दहा महिने झाले. एफ्लुएंटच्या (कारखान्याच्या सांडपाण्याच्या) सॅम्पलमध्ये तीन टक्के मीठ असतं. सकाळी स्टँडर्ड छान बसतात, दुपारपर्यंत सगळं 70 टक्क्यांवर येतं. बॉस म्हणतात इंटर्नल स्टँडर्ड लाव, सगळं सुटेल. मला अरे-तुरे केलंत तरी चालेल. — एक केमिस्ट, रायगड जिल्हा

मग अरे-तुरेच करते. बॉस अर्धे बरोबर आहेत. पण सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी तू नेब्युलायझरचं, म्हणजे फवारा करणाऱ्या नळीचं, टोक भिंगाने बघ. पांढरी किनार दिसेल. कोरडा आर्गॉन टोकाशी पाणी पळवतो आणि मीठ मागे राहतं, मिठागरात राहतं तसंच. आर्गॉन आधी पाण्यातून बुडबुडे काढत न्यायचं साधं भांडं मिळतं, ते बसव. मग टॉर्चच्या (प्लाझ्मा जिथे पेटतो तो नळ्यांचा संच) आतल्या नळीचं तोंड बघ, तिथेही दाढी आली असेल. रुंद भोकाची नळी मिळत असेल तर ती लाव. पंपाची ट्यूब बोटांनी दाबून बघ. एका बाजूला चपटी लागली की बदल, घासाघीस करू नकोस. ट्यूब शंभर-दोनशे रुपयांची आणि तिच्यापायी दिवसभराचे नमुने पुन्हा करायचे, हा व्यवहार मला कधी कळला नाही, पण प्रत्येक लॅबमध्ये तो चालतो.

सकाळी बरोबर आणि दुपारी कमी, म्हणजे यंत्र हळूहळू बुजतंय. पहिल्या नमुन्यापासूनच कमी आलं असतं तर कारण वेगळं असतं: खारं पाणी दाट, फवारा जाड, प्लाझ्मात पोचतं कमी. नाहीतरी तू पंपाने ओढतोस त्यातलं एक-दोन टक्केच वर जातं, बाकी गटारात. तुझे स्टँडर्ड, म्हणजे माहीत असलेल्या प्रमाणाची द्रावणं, नुसत्या दोन टक्के नायट्रिकमध्ये आणि नमुना तीन टक्के मिठात. दोघांची शर्यत एका मैदानावर नाही. स्टँडर्डमध्येही तीन टक्के शुद्ध मीठ घाल. नाहीतर नमुना दहापट पातळ कर, धातू मोजण्याच्या मर्यादेच्या वर राहात असेल तर. मी आधी पातळ करून बघायचे. पाणी हे सर्वात स्वस्त औषध. (आयसीपी-एमएसवर गेलास तर तिथे विरघळलेले क्षार 0.2 टक्क्यांच्या खाली ठेवायची सवय आत्तापासून लाव. तिथे आयन आत घेणाऱ्या कोनचं भोक जेमतेम एक मिलिमीटरचं असतं.)

मिठातला सोडियम आणखी एक खोडी करतो. तो सहज इलेक्ट्रॉन सोडतो, प्लाझ्मातलं इलेक्ट्रॉनचं गणित बदलतं आणि पोटॅशियमसारख्यांचा प्रकाश उगाच वाढतो. लांबीच्या दिशेने, म्हणजे अॅक्सियल बघितलंस तर जास्त, बाजूने म्हणजे रेडियल बघितलंस तर कमी. सोडियम-पोटॅशियम रेडियलमध्येच घे आणि सगळ्यांत, स्टँडर्डमध्येही, सारखं सीझियम क्लोराइड घाल. सगळ्यांच्याच ताटात तिखट वाढलं की कोणाचं जास्त ही तक्रार राहात नाही.

आता बॉसचं इंटर्नल स्टँडर्ड. नमुन्यात मुळात नसलेला एखादा धातू, यट्रियम किंवा स्कँडियम, सगळ्यांत सारखा घालायचा. तो 70 टक्के दिसला तर बाकीचेही तेवढेच दबलेत असं धरून वर उचलायचे. ‘नमुन्यात मुळात नसलेला’ हे शब्द अधोरेखित कर. मी ते न वाचता एक आठवडा वाया घालवलाय. कोकणातली जांभ्याची माती होती, इंटर्नल स्टँडर्ड स्कँडियम. त्याची रिकव्हरी 130 टक्के येत होती. मला वाटलं, काय झकास चाललंय यंत्र! सॉफ्टवेअर बिचारं सगळे धातू 1.3 ने भागून खाली आणत होतं. जांभा ज्या बेसॉल्टपासून झाला त्यातच स्कँडियम असतो, आणि माती विरघळवली की तो द्रावणात येतो. प्रमाणित मातीचे आकडे जुळेनात तेव्हा उजेड पडला. तेव्हापासून नवीन प्रकारचा नमुना आला की एकदा इंटर्नल स्टँडर्ड न घालता चालवायचा आणि त्याच्या रेषेवर काही उजळतंय का ते बघायचं, ही सवय लागली.

आणि हे सगळं गुणाकाराच्या चुकीचं औषध आहे. वर गुहागरच्या पत्रात दगडाबद्दल लिहिलंय ते वाच. तुझ्या यंत्रातले दगड म्हणजे शेजारच्या रेषा, दुसऱ्या धातूचा अगदी जवळच्या तरंगलांबीचा प्रकाश. कॅडमियम 228.802 नॅनोमीटरवर, आर्सेनिक 228.812 वर. तांब्याच्या एफ्लुएंटमध्ये फॉस्फरस 213.617 वर मोजायला जाशील तर तांबं 213.597 वर ठाण मांडून बसलेलं असतं. तिथे इंटर्नल स्टँडर्ड, स्टँडर्ड अॅडिशन (नमुन्यातच तो धातू मोजून वाढवत जाणं), काही उपयोगाचं नाही. ओईएसचं सुख एवढंच की बहुतेक धातूंना दुसरी रेषा मिळते. एकाच धातूच्या दोन रेषा घे, आकडे जुळले तर झोप, नाही जुळले तर आकड्याकडे नाही, रेषेच्या चित्राकडे बघ. खांद्यावर फुगवटा दिसेल.

कॉलेजमध्ये तुला ‘प्लाझ्मात इंटरफिअरन्स नसतो’ असं शिकवलं असेल. मलाही शिकवलं होतं. ते आलं ज्वालेशी तुलना करताना. साध्या ज्वालेत फॉस्फेट कॅल्शियमला धरून ठेवतं, लँथॅनम घालून सोडवावं लागतं. 1964-65 च्या सुमारास इंग्लंडमध्ये ग्रीनफिल्ड आणि अमेरिकेत आयोवात फॅसेल यांनी प्लाझ्मा या कामाला जुंपला, तेव्हा त्या उष्णतेपुढे असली बंधनं टिकेनात. ते खरंच होतं. एक भानगड गेली, दुसऱ्या चार आल्या.

आम्ही गूळ तपासतो. त्यात सेलेनियम आणि आर्सेनिक अपेक्षेपेक्षा जास्त येतं, बाकी धातू ठीक. हेलियम लावलंय. — एक लॅब-प्रमुख, कोल्हापूर

बाकी ठीक आणि हे दोघेच वर, म्हणजे कार्बनवर संशय घ्या. आर्सेनिक आणि सेलेनियम यांना आयन व्हायला साडेनऊ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वर ऊर्जा लागते, त्यामुळे प्लाझ्मात त्यांचे काही अणू आयन न होता तसेच निघून जातात. द्रावणात कार्बन उरला असेल तर कार्बनचे आयन त्यांना मदत करतात आणि त्यांचा सिग्नल फुगतो. शिशाला मदतीची गरजच नसते, म्हणून ते जागेवर. हा तोतया नव्हे, खराच आर्सेनिक जास्त दिसतोय. म्हणून हेलियमला इथे पकडण्यासारखं काही नाही, आणि चूक गुणाकाराची असल्याने स्पाइक इथे बरोबर बोलेल. लावून बघा, रिकव्हरी शंभराच्या बरीच वर जाईल.

गूळ कसा विरघळवता ते लिहिलं नाहीत. हॉटप्लेटवर असेल तर द्रावण स्वच्छ दिसलं तरी आत कार्बन असतो. किंचित पिवळी झाक म्हणजे चुगलीच. मायक्रोवेव्हमध्ये नायट्रिक आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घेऊन 200 अंशांच्या आसपास न्या. पण गूळ आहे, अर्ध्या ग्रॅमवर जाऊ नका आणि आम्ल घातल्यावर झाकण लावायची घाई करू नका, उघड्यावर फसफसून जाऊ द्या. साखरेचा वायू बंद भांड्यात काय करतो ते मी छतावरच्या डागात पाहिलंय. तरीही उरला तर उलटा उपाय करा: ब्लँक (नमुन्याशिवायचं कोरं द्रावण), स्टँडर्ड, नमुने, सगळ्यांत दोन टक्के आयसोप्रोपेनॉल, म्हणजे मुद्दाम घातलेला कार्बन. फुगायचं तर सगळेच फुगू देत. त्या दिवशी क्रोमियम मात्र 52 वर हेलियमशिवाय मोजू नका. आर्गॉन 40 आणि कार्बन 12, बेरीज तुम्हीच करा.

पाऱ्याचं स्टँडर्ड चालवलं की पुढचे वीस ब्लँक पारा दाखवतात. सॅम्पलचाच दोष का? — नाव नको, नवी मुंबई

नाही, नळ्यांचा. पारा फवाऱ्याच्या कक्षेच्या भिंतींना आणि ट्यूबला चिकटतो आणि सावकाश सुटतो. धुण्याच्या द्रावणात आणि नमुन्यातही थोडं सोनं घाला, 200 पीपीबी पुरतं. खर्चाने दचकू नका, लिटरमागे ते 0.2 मिलिग्रॅम होतं. किंवा थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल घाला, पण मग त्याच बाटलीतून आर्सेनिक हेलियमशिवाय मोजलंत तर गुहागरहून पत्र येईल.